लांबून बघायची चाकं

स्कूटरचं पंक्चर काढायला टायरच्या दुकानात थांबलो होतो. शेजारी एक लाल, बुटकी स्पोर्ट्स कार उभी होती आणि तिचे मालक, पन्नाशीचे एक गृहस्थ, तिच्यासाठी नवी अलॉय व्हील्स निवडत होते. दुकानदार एकेक चाक उचलून गाडीच्या चाकावर धरायचा आणि म्हणायचा, "साहेब, जवळून कळत नाही. पलीकडे जाऊन बघा." साहेब रस्ता ओलांडायचे, बघायचे, परत यायचे. तिसऱ्या फेरीनंतर त्यांनी मलाच विचारलं, "तुम्हाला कुठलं बरं वाटतं?"

मला त्यातलं ओ की ठो कळत नाही. तरी म्हणालो, "काळं."

"काळीच बसवा," ते लगेच दुकानदाराला म्हणाले. एवढ्या हौसेची गाडी, आणि निवड कोणाची, तर माझी!

मग वाटलं, चालवणाऱ्याला स्वतःच्या गाडीची चाकं दिसतात कुठे? ती दिसतात गॅलरीत वाट बघत उभ्या असलेल्या माणसाला. हौस एकट्याने करता येते. छान दिसतंय, हे मात्र दुसऱ्या कुणीतरी म्हणावं लागतं.

मी काचेतून आत डोकावलो. गाडीला सीट दोनच. चालवणाऱ्याची सीट बसून बसून मऊ पडलेली. शेजारच्या सीटवर शोरूमचं प्लास्टिक अजून तसंच होतं.

माझी स्कूटर तयार झाली. निघताना सहज मागे बसणाऱ्याचा फूटरेस्ट पायाने उघडायला गेलो. तो जागचा हलला नाही. गंजून बसला होता, कधीपासून कोण जाणे.