ट्रंकेच्या झाकणावरची समुद्री गोगलगाय

शिवाजीनगरहून सकाळची लोणावळा लोकल पकडली तेव्हा माझ्या पिशवीत टॉवेलात गुंडाळलेली काचेची बरणी होती. शेजारच्या मावशींनी दोनदा वाकून पाहिलं. "लोणचं का?"

"गोगलगाय आहे. समुद्रातली, बिनशंखाची."

मावशी जरा खिडकीकडे सरकल्या.

ही गोगलगाय बावीस वर्षांपूर्वी कॉलेजच्या सहलीत, रत्नागिरीजवळच्या खडकांत मला सापडली. बोटाएवढी, आणि इतकी रंगीत की सगळ्या वर्गानं तिला बोट लावून पाहिलं. रंग लिहून होईपर्यंत नमुना टिकवायच्या द्रावणात टाकू नका, असं आमच्या प्राणिशास्त्राच्या बाईंनी बजावलं होतं. मी घाईत टाकली. सकाळी ती उकडलेल्या बटाट्यासारखी पांढरी. बाईंनी लेबलवर 'हिप्सेलोडोरिस' लिहिलं आणि पुढे प्रश्नचिन्ह काढलं. हिप्सेलोडोरिसच्या इन्फुकाटा आणि कांगा या दोन प्रजाती जवळजवळ सारख्याच दिसतात. पाठीवरच्या कल्ल्यांवर पिवळे ठिपके असले तर कांगा. आणि आमच्या बोटांना वैतागून तिनं कल्ले आत ओढून घेतले होते.

आता कॉलेजचं संग्रहालय आवरायला काढलंय, बिननावाच्या बरण्या टाकून देणार. "सोमवारपर्यंत नाव लागलं तर ठेवू," तिथल्या मॅडम म्हणाल्या आणि बरणी माझ्या हाती दिली. तेव्हा मला आमच्या लॅबमधले मदतनीस मामा आठवले. सहलीत बादल्या तेच सांभाळायचे. निवृत्त होऊन सुदुंबऱ्याला, आपल्या गावी, शेती करतात.

जाणाऱ्यांसाठी: तळेगावला उतरा, बाहेर रिक्षा मिळतात, भाडं आधी ठरवा. इंदोरीच्या रस्त्यावर कारखान्यांचे ट्रक अंगावर येतात, पण आत वळलं की दोन्ही बाजूंना कापणीला आलेलं इंद्रायणी भात आणि त्याचा वास. मी रिक्षा थांबवून पाच मिनिटं नुसती उभी राहिले. मामांसाठी चिक्की नेली होती.

"दात कुटं हायेत?" मामा हसले. म्हाताऱ्या माणसांकडे जाताना चिक्कीऐवजी मऊ फज न्या.

बरणी पुढे ठेवली. कल्ल्यांबद्दल मुद्दाम काही बोलले नाही. एवढंच विचारलं, "ही जिवंत असताना कशी दिसायची, आठवतं?"

"तुमी समदी तिला ढोसत व्हता. ती कशाला रूप दाखवंल?" मामा म्हणाले. "मंग तुमी जेवाय गेला. मी बादलीपाशी बसलो. हात न्हाई लावला. घटकाभरानं तिच्या पाठीवर फूल उघाडलं."

त्यांनी आतून पत्र्याची ट्रंक ओढत आणली. झाकणाच्या आतल्या बाजूला ती होती. निळसर राखाडी अंग, काळे-पिवळे ठिपके, लालभडक दोन शिंगं. पाठीवर कल्ल्यांचा उमललेला झुपका. आणि प्रत्येक कल्ल्याच्या बाहेरच्या अंगाला मोहरीएवढे पिवळे ठिपके.

"पोळ्याला बैलांच्या शिंगांचा रंग उरलेला," मामा म्हणाले. "सहलीवरनं आल्या आल्या काढली."

"आमी आजवर केक समजत व्हतो," सूनबाई चहा ठेवत म्हणाल्या.

मी वाकून जवळून पाहिलं. "मामा, हे पिवळे ठिपके खरे, की रंगाचे शिंतोडे उडालेत?"

"जन्मभर शिंगं रंगवली. बैल हलंल, माजा हात न्हाई."

मी मोबाइल काढला, तर मामांनी पान्हा काढला. "फोटूत रंग पालटतू. बाईंला झाकणच दावू." बिजागऱ्या सुटल्या, झाकण गोणपाटात गेलं.

बाई आता लोणावळ्यात असतात. दुपारी लोकल फार थोड्या, वेळापत्रक पाहून निघा. आम्ही तळेगाव स्टेशनवर वडापाव खात तासभर बसलो, मांडीवर बरणी आणि झाकण.

बाईंनी झाकण खिडकीच्या उजेडात धरलं.

"कधी काढलंत हे?"

"त्याच आठवड्यात."

"मग मला का नाही दाखवलंत?"

"तुमी इचारलं न्हाई, बाई."

बाईंनी चष्मा पुसला. मग बरणी उघडून, चिमट्यानं आत दडलेला एक कल्ला हळूच बाहेर काढला आणि भिंगाखाली धरला. द्रावणात रंग जातो, आकार राहतो. कांगाचा कल्ला बाहेरून चपटा, तीन कडांचा असतो.

"तीन कडा," त्या म्हणाल्या. "आणि हे ठिपके. कांगा." भिंग त्यांनी मामांच्या हातात दिलं. "बघा, बबनराव. तुमची आहे."

मामांनी पाहिलं. "व्हय. हीच ती."

परतीच्या लोकलमध्ये एकच गोष्ट मनात घोळत होती. आम्ही तिच्याबद्दल शिकायला गेलो होतो आणि तिला एक क्षणही एकटं सोडलं नाही. मामा शेजारी नुसते बसले, म्हणून ती उघडली. माझ्या घाईचं ओझं बावीस वर्षं वागवलं. ते तळेगावच्या आसपास कधी उतरलं, कळलंही नाही.

रविवारी घरी नवं लेबल लिहायला बसले. हिप्सेलोडोरिस कांगा, प्रश्नचिन्ह नाही. जमवली: मी. ओळखली: बाई. रंगनोंद: इथे पेन थांबलं. एवढी वर्षं नुसते मामा. आडनावही मला ठाऊक नव्हतं.

फोन केला. "पूर्ण नाव? पेन्शनचं काय निगालं का?"

"बरणीवर लिहायचंय, मामा."

मग त्यांनी नाव सांगितलं, वडिलांच्या नावासकट, सावकाश, लिहून घ्यायला वेळ देत. लेबल अरुंद, नाव दोन ओळींत बसलं. सोमवारी बरणी संग्रहालयाच्या कपाटात गेली.