प्रवाह नावाची मुलगी

एका बारा वर्षांच्या मुलीची शाळा मी केवळ भाषण करून बंद पाडली. तिला शाळेत घालायचं काम माझंच होतं, ही त्यातली गंमत.

त्या काळी बिबवेवाडीत आमच्या संस्थेचा एक वर्ग भरायचा. शाळा अर्ध्यावर सुटलेल्या मुलांना वर्षभर तिथे शिकवायचं आणि मग वयाप्रमाणे नेहमीच्या शाळेत बसवायचं. याला आम्ही 'मुख्य प्रवाहात आणणे' म्हणत असू. पुण्यात माणूस समाजकार्य करू लागला की साध्या गोष्टीला साधं नाव द्यायची त्याला लाज वाटते.

या मुलीची आई तिथे बांधकामावर होती. वर्षभरात मुलगी वाचायला लागली, भागाकारापर्यंत आली. मग मायलेकी पुण्याबाहेर, मांजरी गावाच्या पलीकडे आपल्या गावी परतल्या आणि तिथल्या शाळेत तिला सहावीत बसवायला मी जातीने गेलो. इस्त्रीचा झब्बा घालून.

प्रवेशाचं काम लगेच झालं. तेवढ्यावर परत फिरलो असतो तर पुणेरी कसला! मुख्याध्यापक "दोन शब्द बोला, सर" म्हणाले. हे लोक रीत म्हणून म्हणतात, एवढं मला कळतं. त्या दिवशी कळलं नाही. तिला वर्गासमोर उभं करून मी वंचितता, संधी, समाजाचं ऋण असं सगळं बोललो. "ही मुलगी आज मुख्य प्रवाहात आली आहे. हिला सांभाळून घ्या!" टाळ्या पडल्या. मुलगी पायाच्या अंगठ्याने फरशी कोरत होती. तो मला विनय वाटला.

पुढच्याच महिन्यात तिच्या आईचा फोन आला. "आवो सर, पोरगी शाळंचं नाव काढंना. म्हनती, खुरपायला येते, पर तिथं न्हाई."

मी गेलो. मुलगी दारात भांडी घासत होती.

"बाई रागावल्या का?"

"त्या कशाला रागावतील? मला काय इचारतच न्हाईत. सांभाळून घेत्यात."

मग हळूहळू बाकीचं बाहेर आलं. वर्गाने तिचं नाव 'प्रवाह' पाडलं होतं. ती नळावर गेली की पोरं ओरडत, "ए प्रवाह, हळू! गाव व्हावून जाईल!" हजेरी सोडली तर खरं नाव कुणी घेत नव्हतं. घेणार कसं? माझ्या एवढ्या भाषणात नेमकं तेच राहून गेलं होतं.

"मी मुख्याध्यापकांना सांगून मुलांना समज देतो," मी म्हणालो.

"म्हंजी परत भाषण?"

"गप गं, सरांशी आसं बोलत्यात व्हय?" आई म्हणाली, पण हसू तिलाही आवरलं नव्हतं.

"मग मी काय करू?"

"जितं बोलला तितंच सांगा, चुकलं म्हनून. थोडक्यात. मग येते मी."

त्यानंतर मला अचानक फार कामं निघाली. एका परिसंवादात 'मूल शाळेत टिकवताना' या विषयावर बोलायचं होतं. बोललोही, आणि चहाच्या वेळी लोकांनी कौतुक केलं. तेवढे दिवस मुलगी आईबरोबर शेतावर जात होती.

शेवटी तिच्या आईला कळवून शाळेत गेलो. ती आधीच आली होती, पण दप्तर खांद्याला लावून वर्गाच्या दाराबाहेर उभी. आत यायचं की घरी जायचं, ते माझ्यावर होतं.

"मुलांनो, मागच्या वेळी मी हिची चुकीची ओळख करून दिली," मी म्हणालो आणि तिचं नाव सांगितलं.

मागच्या बाकावरून प्रश्न आला, "मग प्रवाह म्हनायचं न्हाई का, सर?"

"नाही. तो शब्द माझा होता, तुम्ही मलाच चिडवा." पोरं हसली. "आणि बाई, हिलाही प्रश्न विचारा. चुकली तर रागवा."

दोन वाक्यं जास्तच झाली होती. मी दाराकडे वळलो.

"तुला न विचारता मी तुला इथं उभं केलं. माझं चुकलं. मला माफ कर."