एका संगणकाचे तीन पहारेकरी

माझ्या साडूंइतका सुरक्षित माणूस अख्ख्या म्हैसुरात शोधून सापडायचा नाही. आणि त्यांच्या संगणकाइतका निरुपयोगी संगणकही. पहिल्या गोष्टीचं श्रेय ते स्वतः घेत. दुसऱ्या गोष्टीचा दोष मात्र माझ्याकडे येई. कारण मी एका कॉलेजात संगणक शिकवतो आणि आमच्या नातेवाइकांच्या समजुतीप्रमाणे संगणक शिकवणाऱ्या माणसानं हाकेसरशी स्कूटर काढून विजयनगरला त्यांच्या घरी हजर व्हायचं असतं. साडू वयानं माझ्याहून बरेच मोठे. बायको भाऊजी म्हणते, म्हणून मीही भाऊजीच म्हणतो. बेळगोळच्या एका कारखान्यात त्यांनी जन्मभर सेफ्टी खात्यात नोकरी केली. त्यांचे पूर्वज म्हणे म्हैसूरच्या राजाच्या फौजेत होते. त्या पूर्वजांचं शौर्य मधल्या पिढ्यांत कुठं झिरपलं देव जाणे, पण पहारा देण्याची खोड तेवढी सगळीच्या सगळी भाऊजींच्या वाट्याला आली.

त्यांच्या घराच्या दाराला दोन कड्या, एक कुलूप, आणि रात्री आतून लावलेली खुर्ची. गॅस बंद केला की अक्कानं, म्हणजे माझ्या थोरल्या मेहुणीनं, तो बघायचा, आणि अक्कानं बघितला की नाही ते पुन्हा भाऊजींनी बघायचं. एकदा आम्ही सगळे धरणावर सहलीला निघालो होतो. बेळगोळपर्यंत गाडी पोचली आणि भाऊजींना गॅस आठवला. गाडी वळली. गॅस अर्थातच बंद होता. डबे आम्ही त्यांच्याच हॉलमध्ये उघडले आणि चित्रान्न खाऊन घरी परतलो. कल्याण मंटपात, म्हणजे लग्नाच्या कार्यालयात, पंगतीला ते दाराशीच बसतात, आग लागली तर पळायला बरं म्हणून. माझ्या मुलीच्या बारशाला तर त्यांनी थेट भटारखान्यात जाऊन आचाऱ्याला विचारलं, "वाळूची बादली कुठं ठेवलीत?" तो बिचारा घाबरून म्हणाला, "वाळू घालत नाही सामी, गूळच घालतो." खिशात चष्म्याची एक जोडी जादा, पिशवीत छत्री एक जादा. सुनेनं प्रेमानं पाठवलेला भारी मोबाईल लोखंडी कपाटात, बंद करून, फडक्यात गुंडाळून ठेवलेला. "त्यातनं चोर शिरतात," असं त्यांचं म्हणणं. स्वतः ते बटणांचा जुना फोन वापरतात, तोही बोलून झाल्यावर पुसून ठेवतात.

अशा माणसाच्या संगणकावर एक अँटिव्हायरस असता तर मलाच काळजी वाटली असती. त्यावर तीन होते. एक मुलानं घालून दिलेला, एक भाऊजींनी दुकानातून आणलेला, आणि एक शेजारच्या रावांनी फुकट मिळतो म्हणून सुचवलेला. तिघेही चालू, तिघेही दक्ष. मी त्यांना परोपरीनं समजावलं की हे तीन पहारेकरी चोराकडे बघत नाहीत, एकमेकांकडे बघतात. पहिला एखादी फाईल उघडून तपासायला लागला की दुसऱ्याला संशय येतो, तो पहिल्याचाच हात धरतो, आणि तिसरा दोघांनाही चोर समजून कोंडायला धावतो. मधल्या मध्ये घरधन्याला आत जाता येत नाही. भाऊजींनी हे सगळं मान डोलावून ऐकून घेतलं आणि म्हणाले, "होय की. पण एकाला डोळा लागला तर दुसरा जागा असतो, अल्वा, खरं की नाही?" संगणक चालू करायचा तर भाऊजी बटण दाबून आंघोळीला जात, मग पूजा करत, मग इडली खात, आणि तरीही पडद्यावरचं चक्र गरगर फिरतच असे. "तपासतोय बघा तो," ते मला अभिमानानं दाखवत. "नीट तपासतोय. सुम्ने, उगीच आत सोडत नाही कुणाला."

मी यावर पुष्कळ हसलो आहे. सासुरवाडीच्या प्रत्येक समारंभात मी हा किस्सा सांगत असे आणि स्वतः भाऊजीही हसत. त्या तीन पहारेकऱ्यांमागं गिरीश आहे, हे कळल्यावर माझं हसणं थांबलं.

गिरीश त्यांचा एकुलता एक मुलगा. हेब्बाळला एका मोठ्या कंपनीत होता. तो संगणक त्यानंच घेतला होता आणि पहिला अँटिव्हायरसही त्यानंच घातला होता. रोज कंपनीच्या बसनं जाणारा मुलगा त्या दिवशी मोटारसायकल घेऊन गेला. परत येताना रिंगरोडला मागून लॉरी आली. डोक्याला हेल्मेट होतं, हेल्मेटचा पट्टा लावलेला होता, गाडीचा दिवा चालू होता, गाडी डाव्या बाजूनं चालली होती. बापानं जन्मभर लोकांना शिकवलेल्या नियमांतला एकही नियम मुलानं मोडला नव्हता. भाऊजींना हेच सोसलं नाही. मुलानं चूक केली असती तर निदान त्याच्यावर रागावता तरी आलं असतं. तेरा दिवस झाल्यावर ते पहिल्यांदा घराबाहेर पडले ते थेट संगणकाच्या दुकानात गेले आणि दुसरा अँटिव्हायरस घेऊन आले. मी विचारलं तर म्हणाले, "एकट्याच्यानं होत नाही हो." तेव्हा मला ते नीट कळलं नाही. काही महिन्यांनी तिसरा आला.

सून वर्षभरानं पुण्याला माहेरी गेली, तिथंच तिला नोकरी लागली. तिनं जावं असं भाऊजींनीच सांगितलं होतं. नात मुक्ता तेव्हा जेमतेम बोलायला लागली होती. दर रविवारी सकाळी संगणकावर तिचं दर्शन व्हायचं ठरलं. भाऊजी इस्त्रीचा शर्ट घालून खुर्चीत बसत, अक्का मागं उभी राहत. पलीकडून सूनबाई "मामा, ऐकू येतंय का?" म्हणत, आणि तेवढ्यात तीन पहारेकरी जागे होत. चित्र गोठे. मुक्ताचं तोंड उघडं ते उघडंच, हात वर तो वरच. भाऊजी त्या गोठलेल्या चित्राशी बोलत राहत, "पुट्टी, जेवलीस काय? काय जेवलीस?" उत्तराचा एखादा तुकडा कधीतरी येई, तो कुठल्या प्रश्नाला आहे ते कळत नसे. मी किती वेळा सांगितलं, मोबाईल काढा. नाही. माझा मोबाईल घ्या म्हटलं, तर दुसऱ्याच्या फोनवर नातीचा चेहरा नको. शेवटी एका रविवारी सूनबाईंनी बटणांच्या फोनवर हळूच सांगितलं, "मामा, ती आता बसायलाच तयार नाही. विसरायला लागलीय ती तुम्हाला." भाऊजींनी फोन पुसला, जागेवर ठेवला, आणि मला बोलावणं पाठवलं.

मी गेलो तेव्हा ते संगणकासमोर बसले होते. म्हणाले, "काढा. काय काढायचं ते काढा." मी शेजारच्या रावांचा फुकटचा काढला, दुकानातला काढला. संगणक सुधारला, पण पुरता नाही. गिरीशचा तो अँटिव्हायरस आता जुना झाला होता, सगळ्यांत जास्त तोच अडवत होता. मी त्याच्यावर बाण नेला आणि भाऊजींनी माझं मनगट धरलं.

"बेडा, बेडा. त्याला हात लावू नका."

"भाऊजी, हाच तर सगळ्यांत जड आहे. हा काढू, एक नवा घालू. हा असेपर्यंत चित्र गोठणारच."

"त्यानं लावलेलं कुलूप हाय ते," भाऊजी म्हणाले. "आमच्या फॅक्टरीत कसं होतं, तुमाला ठाऊक नाही. मशीन दुरुस्तीला उघडलं की मेन स्विच बंद करून त्याला कुलूप लावायचं. चौघं आत काम करत असले तर चौघांची चार कुलपं. बाहेर आला की ज्यानं त्यानं आपलं काढायचं. दुसऱ्याचं काढायचं नाही. सुपरवायझरनं पण नाही, साहेबानं पण नाही. का? तर तो अजून आत असंल तर?"

संगणक चालू होताना त्या अँटिव्हायरसची एक चौकट कोपऱ्यातून वर येई, ती मी अनेकदा पाहिली होती. 'गुड मॉर्निंग, गिरीश' असं त्यात लिहिलेलं असे. भाऊजी दरवर्षी त्याची मुदत वाढवत ती गिरीशच्याच नावानं. त्या घरात तो गेल्यापासून कुणीही त्याचं नाव मोठ्यानं घेतलेलं मी ऐकलं नव्हतं. ही चौकट वर यायच्या वेळेला अक्का हटकून स्वयंपाकघरातून बाहेर येई आणि पदराला हात पुसत क्षणभर उभी राही. मला वाटे, ती चहाचं विचारायला येते. शिकवतो मी संगणक, पण समोरच्या पडद्यावर काय लिहिलंय ते मला इतकी वर्षं वाचता आलं नव्हतं.

"आणि एखादा कुलूप काढायला विसरून घरी गेला तर?" मी विचारलं. मला फक्त काहीतरी बोलायचं होतं.

भाऊजी माझ्याकडे बघत राहिले. मग सेफ्टी खात्यातल्या आवाजात, तोंडपाठ असल्यासारखं म्हणाले, "त्याला पण नियम हाय. आधी सगळं डिपार्टमेंट हिंडून बघायचं. नाव घेऊन हाक मारायची. घरी निरोप पाठवायचा. माणूस आत नाही याची खात्री झाली, की एका साक्षीदारासमोर कुलूप तोडायचं."

हे सांगून झालं आणि ते उठले. आधी गिरीशच्या खोलीपाशी गेले. दार उघडून त्यांनी आत पाहिलं. पलंगामागं, खिडकीशी, कपाटाच्या आडोशाला. मग मागच्या अंगणात गेले. परत येऊन हॉलच्या मधोमध उभे राहिले आणि त्यांनी हाक मारली. "गिरीश!" कान देऊन ऐकलं. मग पुन्हा मारली. "गिरीश! आहेस काय रे आत?"

स्वयंपाकघरात भांडं पडल्याचा आवाज झाला. अक्का दारात येऊन उभी राहिली. तिनं आधी भाऊजींकडे पाहिलं, मग माझ्याकडे, मग संगणकाकडे. "अगे, जरा थांब," भाऊजी तिला म्हणाले. "बघतोय मी." तिघेही आम्ही तसेच उभे होतो. बाहेरून भाजीवाल्याची हाक गेली. आयुष्यात इतका वाईट वेळ मी कधी घालवला नसेल.

मग अक्काच म्हणाली, "नाही ओ तो. काढा."

भाऊजी खुर्चीत बसले. माऊसवर हात त्यांनी स्वतःचा ठेवला, मला म्हणाले, "तुमी साक्षीदार." संगणकानं, खरंच काढायचं का, असं विचारलं, त्यांनी हो म्हटलं. त्यानं पुन्हा विचारलं, त्यांनी पुन्हा हो म्हटलं. एक पट्टी डावीकडून उजवीकडे भरत गेली आणि ती भरेपर्यंत अक्काचा हात त्यांच्या खांद्यावर होता.

पुढच्या रविवारी मी मुद्दाम गेलो, नवा अँटिव्हायरस नीट चालतो ना ते बघायला, असं सांगून. सूनबाईंनी कशीबशी मुक्ताला मांडीवर ओढून बसवली होती. ती तोंड फिरवून बसली होती. भाऊजींनी सवयीनं ओरडून विचारलं, "पुट्टी, जेवलीस काय?" आणि स्वतःच्या डोक्यावरून हात फिरवला. मुक्तानं तिरक्या डोळ्यांनी पाहिलं, मग वळून पाहिलं, मग पडद्याला नाक टेकेल इतकी पुढं आली.

"आई!" ती किंचाळली. "आजोबा हलतात!"

सूनबाई हसली, आम्हीही हसलो. मुक्ता मात्र हसत नव्हती. तिला काहीतरी फार महत्त्वाचं सापडलं होतं. आपल्या मागच्या भिंतीवरच्या फोटोकडे बोट करून तिनं विचारलं, "मग बाबाचा फोटोपण हलणार?"

सूनबाईचा चेहरा त्या स्वच्छ चित्रात आम्हाला अगदी स्पष्ट दिसला. अक्का आत निघून गेली. भाऊजी कसलीही गडबड न करता खुर्ची पुढं ओढून बसले.

"नाही, पुट्टी," ते म्हणाले. "तो नाही हलायचा. मी हाय की."

मुक्तानं यावर थोडा विचार केला. "मग हात हलवून दाखवा," ती म्हणाली. भाऊजींनी हात वर केला आणि हलवला. तिनंही हलवला. मग तिला कुणीतरी हाक मारली, ती मांडीवरून उतरून पळाली, तिच्यामागं सूनबाईही उठून गेली आणि पडद्यावर रिकामी खुर्ची तेवढी राहिली. ती परत येईल म्हणून भाऊजी तसाच हात हलवत बसले होते.