सापवाल्यांचं रक्त

इस्ना शहराजवळच्या त्या गावात कुणाच्या घरात नाहीतर उसात साप निघाला की वजीदाच्या माहेरी बोलावणं यायचं. घराणंच सापवाल्यांचं. आपल्या रक्ताला विष चढत नाही, हे तिनं चालायला लागण्याआधीपासून ऐकलेलं. सेहेचाळीस वर्षांची झाली, नवरा गेला, माहेरी परत आली; पण या गोष्टीची शंका तिला कधी आली नाही.

त्या सकाळी धाकटा भाऊ बखीत शेजारच्या गोठ्यातला नाग पोत्यात कोंबून आला. मनगटावर दोन ठिपके होते.

"ताई, चहा टाक. साखर जास्त."

"दवाखान्यात जायचं का रे?"

"सापवाला दवाखान्यात? उद्या गाव माझ्या नावानं टाळ्या पिटेल."

तिनं चहा दिला. त्यानं पेला तोंडाला लावला आणि चहा ओठाच्या कडेनं गळ्यावर ओघळला. "झोप येतेय," तो म्हणाला. जीभ जड झाली होती. वजीदानं निरखून पाहिलं. त्याच्या पापण्या अर्ध्यावर उतरल्या होत्या.

या पापण्या तिनं पाहिल्या होत्या. ती सात वर्षांची असताना काका असेच भिंतीला टेकून बसले होते, आणि दिवस मावळायच्या आत त्यांना पुरलं होतं. त्या दिवशी काकाही साप धरूनच आले होते. दोन्ही गोष्टी तिला इतकी वर्षं ठाऊक होत्या. एकीला दुसरी जोडून मात्र तिनं कधी पाहिली नव्हती.

दारात झनूबा आत्या उभी होती. "झोपू दे त्याला. दमलाय."

"आत्या, काका कशानं गेले?"

"दृष्ट लागली होती."

"कशानं गेले?"

म्हातारीनं नजर चुकवली. "सगळ्यांना माहीत होतं गं. पण मग आपल्याला साप धरायला बोलावलं असतं कुणी?"

वजीदा अनवाणीच रस्त्यावर धावली. टोमॅटोचा टेम्पो आडवी जाऊन थांबवला, ड्रायव्हरच्या मदतीनं बखीतला खोक्यांवर आडवं केलं. तो हातानंच नको नको म्हणत होता. पुढे हातही उचलेना. त्याच्या छातीवर तळवा ठेवून ती बसली. मध्येच छाती हलायची थांबे, मग पुन्हा हले. एका फाटकापाशी रेल्वे जाईपर्यंत टेम्पो थांबला, तेव्हा ती त्याचा एकेक श्वास मोजत राहिली.

दवाखान्यात सहा दिवस तो श्वासाच्या मशीनवर होता. वाचला.

घरी आल्यावर बरेच महिने तो तिच्याशी बोलला नाही. घराण्याचं नाव तिनं घालवलं, असं त्याचं म्हणणं. आता साप धरायला जाताना लांब चिमटा नेतो, आणि लोकांना सांगतो की रक्तामुळेच तरलो. वजीदा वाद घालत नाही.

पण उन्हात पावाचे गोळे फुगायला ठेवून बसली की लहानपणी ऐकलेलं एकेक तिच्या मनात वर येतं. कुठलं खरं, कुठलं नुसतं अब्रू राखायला सांगितलेलं? काहींचा उलगडा होतो, काहींचा होत नाही, आणि विचारायला आत्याही आता उरलेली नाही.