लाल-निळे ठिपके

काल लेकीच्या पोटावर डॉक्टरबाईंनी सोनोग्राफीचं थंडगार जेल लावलं आणि तिच्याआधी शहारा माझ्याच अंगावर आला. बऱ्याच वर्षांपूर्वी, भर दुपारी, कोल्हापुरातल्या एका अंधाऱ्या खोलीत असंच जेल माझ्या छातीवर लावलं होतं. त्याआधी मॅमोग्राफी झाली होती. मशीनच्या दोन पाट्यांत छाती दाबून काढलेला फोटो गगनबावड्याच्या घाटातल्या धुक्यासारखा नुसता पांढराफटक आला होता. "छाती दाट आहे तुमची," डॉक्टर म्हणाले, "या पांढऱ्यात पांढरी गाठ लपून बसते. सोनोग्राफीत ती काळी दिसेल." माझ्यासोबत कागलहून आलेल्या सासूबाई होत्या. सोनोग्राफी म्हणजे बाळ, एवढंच त्यांना ठाऊक. पडद्यावर एक वेडावाकडा काळा डाग उमटला, तशा त्या नेहमीच्या मोठ्या आवाजात म्हणाल्या, "हलतंय काय गं?" "न्हाय, आत्ती," मी म्हटलं. डॉक्टरांनी एक बटण दाबलं आणि डागाच्या कडेनं लाल-निळे ठिपके लुकलुकायला लागले. "हे काय?" मी विचारलं. "आत रक्त खेळतंय," ते म्हणाले. धरलेला माझा हात सासूबाईंनी सोडला आणि कधी नव्हे त्या हळू आवाजात म्हणाल्या, "म्हंजी, जितं हाय की गं ते." पुढं ती एका बाजूची छाती काढली आणि मी वाचले. काल लेकीच्या पडद्यावर तसेच लाल-निळे ठिपके लुकलुकले. "बघा, बाळ छान वाढतंय," डॉक्टरबाई म्हणाल्या. सगळे हसले. मी मात्र पदराखाली हात नेऊन, जिथं आता काहीच नाही तिथं, काही हलतंय का ते चाचपत होते.