पाठ टेकली होती

हे मी आजवर कुणाला सांगितलं न्हाई. सुमनला तर न्हाईच. माझी बायको — चाळीस वर्षं माझ्यासंगं काढली तिनं.

शेवटच्या दुपारी आम्ही दोघं ओसरीवर तुरीच्या शेंगा सोलत बसलो होतो. मधीच म्हणाली, "अहो, भावाला फोन लावू का? लई वर्षं झाली." मी म्हणालो, "कशाला?" ती शेंगा सोलत राहिली.

भावाशी तिचं तुटलं ते माझ्यामुळं. कसं सांगू?

जत्रेतल्या कुस्त्यांचा मी पंच. शाळा चौथीपस्तोर, पण माझा निकाल कुणी मोडत नव्हतं. त्या साली शेवटच्या कुस्तीला बालाजी उतरला — रेणापूरचा, तिच्या भावाचा पोरगा. त्यानं समोरच्याला उचलून आपटलं. मी वाकून बघत होतो, हातभर अंतरावर. पाठ टेकली. दोन्ही खांदे मातीत — मी बघितलं.

परक्याचा पोरगा असता तर शिट्टी कवाच वाजली असती. पण मनात आलं, लोक काय म्हणतील? बायकोच्या भाच्याला कुस्ती दिली म्हणतील. मी हात हलवला — न्हाई, चालू द्या. पुढच्याच झटापटीत बालाजीचा गुडघा गेला. परत कधी तो आखाड्यात उतरला न्हाई.

आणि गावानं काय केलं? मला फेटा बांधला. म्हणे, नातंगोतं न बघणारा माणूस! मी तर नातंच बघितलं होतं — मातीकडं बघायचं सोडून. पंच कशाला म्हणायचं मला?

घरी सुमननं विचारलं, एकदाच — टेकली होती का? न्हाई म्हणालो. तिला ते खरं वाटलं. भाऊ भांडायला आला तर त्याला दारातच म्हणाली, "माझा नवरा खोटं बोलत न्हाई. तसं म्हणायचं असंल तर हितं पाय ठेवू नको."

अकरा वर्षं माहेर बंद. भाऊ जिता असून भाऊबीजेला चंद्राला ओवाळायची. मी शेजारी उभा. एकदाबी तोंड उघडलं का? न्हाई.

शेंगा सोलल्या त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी ती उठलीच न्हाई. भावाला फोन मीच लावला. तो माहेरची साडी घेऊन आला, मागं लंगडत बालाजी. साडी तिच्या अंगावर घातली, पदर नीट केला, अन् माझ्याकडं वळला.

"दाजी, आता तरी सांगा. टेकली होती का?"

माणसं बसलेली. ती पुढ्यात.

मी म्हणालो, "न्हाई."