रंगाचा कॉलम

विद्याश्रीचा आवाज असा, की माईक नसतानाही शेवटच्या रांगेपर्यंत पोचावा. तरी राजारामपुरीतल्या वधूवर मंडळात कॉम्प्युटरवर बसल्यापासून दोन वर्षं तिनं तो गिळून ठेवला होता. मंडळाचे मालक हंबीरराव मनाचे उमदे. अनुभव न विचारता नोकरी दिली, दुपारचा डबाही घरचा द्यायचे. अशा माणसावर ओरडायचं कसं?

पण संताप यायचाच. मुलींच्या यादीत पहिला कॉलम रंगाचा आणि अख्खी यादी त्याच क्रमानं लावलेली. पावणे स्क्रीनवर बोट ठेवून वरून खाली यायचे आणि गोऱ्या संपल्या की उठायचे. तळाशी शांभवी. विद्याश्रीची धाकटी बहीण, शाळेत गणित शिकवणारी, सावळी.

शनिवारी रात्री शांभवी म्हणाली, "अक्का, उद्याबी कुणी विचारलं न्हाय, तर माझं नाव काढून टाक. बास झालं."

रविवारी सकाळी विद्याश्रीनं कुठले कॉलम दाखवायचे त्या सेटिंगमधली रंगासमोरची टिक काढली. कॉलम गायब! ती मनातल्या मनात नाचली. पेठ वडगावच्या धोंडुबाई मुलासाठी मुलगी बघायला नवऱ्याला घेऊन आल्या, बोट फिरू लागलं आणि गोऱ्या वरच असतात हे ठाऊक असल्यानं निम्म्यातच थांबलं. "बास, एवढ्यातल्याच दावा."

तेव्हा विद्याश्रीला चूक कळली. कॉलम लपला होता, क्रम मात्र रंगाचाच राहिला होता. नट विंगेत गेला, पण तिथूनच सगळ्यांना नाचवत होता!

"आणि रंगाचं कुठं गेलं?" धोंडुबाईंनी विचारलं.

"विद्या, कॉलम आण परत," हंबीरराव म्हणाले.

"आणते की काका! दोन्हीकडं आणते!"

तिनं मुलांची यादीही शेजारी उघडली. रंगाचा कॉलम तिथंही होता, फक्त त्याला कधी कुणी टिक केली नव्हती. तिनं केली आणि यादी त्याच क्रमानं लावली.

"अगं बया! आमचा अमरसिंह तळाला का?"

"रंगानं लावलीया यादी, मावशी. 'काळा' असं नाव नोंदवताना तुमच्या यजमानांनीच सांगितलंय."

धोंडुबाईंचे यजमान बाळासो गालातल्या गालात हसले. "खोटं कशाला सांगू? माझ्यावरच गेलाय."

"पण पोराच्या रंगाचं काय करायचं हाय?" धोंडुबाई कडाडल्या.

"मग पोरीच्या रंगाचं काय लोणचं घालायचं असतंय?"

दोन वर्षांचा आवाज होता तो. जिन्यातली माणसंसुद्धा थबकली. धोंडुबाई पदर सावरत तणतणत निघून गेल्या. बाळासो मागोमाग गेले.

हंबीररावांनी चष्मा पुसला. त्यांनाही दोन मुली होत्या. "काढ बाई, दोन्हीकडचा काढ."

"निस्ता काढून भागत न्हाय, काका. क्रमबी बदलाय पायजे."

तिनं यादी नाव नोंदवल्याच्या तारखेनं लावली, जुनी नोंद आधी. स्क्रीन हलली, नावं उलटीपालटी झाली आणि तिनं पहिल्या ओळीवर बोट ठेवलं.

तिनं घरी फोन लावला. "शांभवी, नाव काढत न्हाय मी. सगळ्यात वर हाईस तू."

"मी? कशी काय?"

"सगळ्यात जास्त थांबलीयास, म्हणून!"